पहिला ताप

"हीच का गेल्या वर्षीची?" पदर सावरून दंड पुढे करत आईने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "नाही आजी, ही यंदाची. फ्लूची दर वर्षी नवी येते." आई क्षणभर थांबली. "मग गेल्या वर्षीची वाया गेली म्हणायची?" सिस्टरनी हसून स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई आत गेली, बाहेर आली, आणि प्रश्न तसाच राहिला. रिक्षात आई मेथीच्या जुडीच्या भावाबद्दल बोलत होती, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. ऐंशी ओलांडलेल्या बाईने विचारलेला प्रश्न होता तो. आधीचं सगळं पुसलं जातं का, असंच ती विचारत होती, आणि त्या वयात हे कोणी सहज विचारत नाही. लशीचं रिकामं खोकं मी सोबत आणलं होतं. त्यावर बारीक अक्षरांत तीन नावं छापली होती : ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२, ए/थायलंड/८/२०२२, बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१. विषाणू कुठे सापडला, कितवा नमुना, कोणतं साल. दिवाळीच्या सुमारास पुण्यातल्या एका छोट्या दवाखान्यात माझ्या आईच्या दंडात तीन दूरदूरच्या मुलखांतले मारून निष्प्रभ केलेले विषाणू गेले होते.

नावं देण्याची ही पद्धत पाहिली की मला एक जुनं नाव आठवतं. पीआर८. पोर्टो रिको, नमुना आठवा, साल १९३४. आणि त्याच्यामागे उभा असलेला माणूस, थॉमस फ्रान्सिस. पोलिओच्या लशीमुळे जोनास साल्क आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतो. त्याचे गुरू फ्रान्सिस मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. इंडियानात १९०० साली जन्म, वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला आणि फावल्या वेळात मेथडिस्ट पंथाचे प्रवचनकार. म्हणजे १९१८ची साथ आली तेव्हा फ्रान्सिस अठरा वर्षांचे होते. त्या साथीने म्हातारे आणि तान्ही मुलं यांच्या बरोबरीने ऐन उमेदीतली तरणीताठी माणसंही उचलून नेली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. मुंबई बंदरातून ती घाट चढून वर आली आणि गावंच्या गावं आजारी पडली. माझ्या आईच्या आजीची दोन मुलं त्यात गेली, असं आई सांगते. त्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. तेव्हा डॉक्टरांना हेही माहीत नव्हतं की हा रोग जिवाणूचा नाही. जगभर लाखोंनी माणसं मरत होती आणि कशाने, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते कळायला १९३३ उजाडलं. लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातलं धुवण गाळून फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या नाकात सोडलं. फेरेट माणसासारखेच शिंकू लागले, त्यांना ताप भरला. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार झालेलं काहीतरी रोग करत होतं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्सिस यांच्याकडे पोर्टो रिकोच्या साथीतले नमुने आले. त्यांनीही फेरेटपासून सुरुवात केली, मग तो विषाणू उंदरांच्या फुप्फुसात वाढवला. माणसाचा फ्लूचा विषाणू हाती धरणारे ते पहिले अमेरिकन. त्या नमुन्यांपैकी आठवा पुढे शेकडो प्रयोगशाळांत फिरला, कोंबडीच्या अंड्यात इतका रुळला की माणसाला आजारी पाडण्याची त्याची खोड जवळजवळ गेली. आजही अंड्यांवर केल्या जाणाऱ्या लशींसाठी साथीतल्या नव्या विषाणूची वरची प्रथिनं आणि पीआर८चा आतला सांगाडा असा संकर केला जातो, कारण पीआर८ अंड्यात भरभरून वाढतो. तेव्हा आईच्या खोक्यावर व्हिक्टोरिया छापलेलं असलं, तरी आतल्या मजकुराचा मोठा भाग कदाचित १९३४च्या पोर्टो रिकोचाच असेल.

१९४० साली एक वेगळीच साथ आली. लक्षणं फ्लूची, पण रुग्णांच्या रक्तात आधीच्या विषाणूविरुद्ध काही वाढलेलं दिसेना. फ्रान्सिस यांनी हा विषाणू वेगळा काढला आणि जुन्याला ए, नव्याला बी अशी ओळख मिळाली. खोक्यावरचं तिसरं नाव म्हणजे त्या बी घराण्याची आजची शाखा.

रक्तात काय आहे हे त्यांना कसं कळत होतं, ते थोडं जवळून पाहावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रॉकफेलरमध्येच जॉर्ज हर्स्ट यांना १९४१ साली योगायोगाने एक गोष्ट दिसली. फ्लू वाढवलेल्या अंड्यातला द्रव काढताना गर्भाची रक्तवाहिनी फुटली, आणि त्या द्रवात मिसळलेल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या. विषाणू पेशींना धरून ठेवत होता. त्यातून एक साधी चाचणी निघाली. काचेच्या नळ्या ओळीने मांडायच्या. माणसाच्या रक्ताचा वरचा पिवळसर द्रव, म्हणजे रक्तरस, पहिल्या नळीत काही पट पातळ करायचा, दुसरीत त्याच्या निम्मा, तिसरीत आणखी निम्मा, असं उतरत जायचं. प्रत्येकीत ठरलेल्या मापाचा विषाणू आणि मग कोंबडीच्या तांबड्या पेशी. थोडा वेळ नळ्यांना अजिबात धक्का लावायचा नाही. त्या माणसाच्या रक्तात त्याच विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं असतील तर ती विषाणूला गुंतवून ठेवतात, पेशी मोकळ्या सुटतात आणि तळाशी गोळा होऊन एक नेटका लाल ठिपका बनतो. प्रतिपिंडं नसतील तर पेशी विषाणूत अडकून राहतात आणि तळभर फिकट लालसर पापुद्रा पसरतो. ठिपका कितव्या नळीपर्यंत दिसतो ते मोजायचं. बस. कोंबडीचं रक्त, काच आणि धीर. एवढ्यावर एखाद्या माणसाला आयुष्यात कुठकुठला फ्लू भेटून गेला असावा, याचा माग काढता येऊ लागला.

१९४१ साली फ्रान्सिस मिशिगन विद्यापीठात आले. युद्ध पेटलं होतं आणि सैन्याला १९१८ची धास्ती होती. छावण्यांतून ती साथ कशी पसरली होती ते कुणी विसरलं नव्हतं. लष्कराच्या फ्लू समितीची धुरा त्यांच्याकडे आली, साल्कही तिथे रुजू झाले. अंड्यात वाढवून फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस तयार झाली. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं. पहिल्या चाचण्या मिशिगनमधल्या सरकारी मनोरुग्णालयांत झाल्या. रुग्णांना लस दिली, आणि काही काळाने लस घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्याही नाकात विषाणूचा फवारा मारला. त्या काळी अशा संस्थांत असे प्रयोग सर्रास होत, हे खरं आहे. पण ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशा माणसांच्या श्वासावर ते झाले, हेही तितकंच खरं. फ्रान्सिस यांच्याविषयी मला खूप आदर आहे आणि तो तसाच राहून ही गोष्ट मला खुपते. दोन्ही भावना एकाच जागी असतात, एक दुसरीला हटवत नाही.

मग १९४३च्या हिवाळ्यात मोठी परीक्षा झाली. विद्यापीठांमध्ये शिकत असलेले लष्कराचे सुमारे साडेबारा हजार तरुण, निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना नुसतं टोचणं. साथ योगायोगाने त्याच दिवसांत आली. लस न मिळालेल्यांपैकी साधारण ७ टक्के आजारी पडले, मिळालेल्यांपैकी साधारण २ टक्के. १९४५ साली ही लस सर्वांसाठी मंजूर झाली. इथे बहुतेकांची गोष्ट संपली असती. साथ ओळखली, लस केली, आकडे आले, मानसन्मान मिळाले.

पण १९४७चा वसंत आला.

मिशिगन विद्यापीठात पुन्हा फ्लू पसरला. हजारो विद्यार्थ्यांनी लस घेतलेली होती. त्यांच्यात आजारी पडण्याचं प्रमाण सुमारे ७ टक्के, आणि लस न घेतलेल्यांत सुमारे ८. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. तीन-चार वर्षांपूर्वी ज्या लशीने सैन्य वाचवलं, ती निरुपयोगी ठरली होती. न्यू जर्सीच्या फोर्ट मॉनमथ इथे सापडलेला नवा विषाणू लशीतल्या विषाणूपासून इतका दूर सरकला होता की आधीची प्रतिपिंडं त्याला धरू शकत नव्हती. आईच्या प्रश्नाचा उगम त्या वसंतात आहे. दर वर्षी नवी लस का, तर त्या वर्षी जगाला कळलं की हा शत्रू चेहरा बदलत राहतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या प्रयोगशाळांचं जाळं विणलं. आपली पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, त्यातलीच. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी कोणते विषाणू लशीत घालायचे ते ठरवायला शास्त्रज्ञ बसतात. (आपण नकाशावर उत्तरेत, पण महाराष्ट्रातला फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात. तेव्हा कुठली लस, कुठल्या महिन्यात, हा घोळ आपल्या डॉक्टरांना दर वर्षी सोडवावा लागतो.)

फ्रान्सिस, साल्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे अपयश त्याच वर्षी, आकड्यांसकट, छापून टाकलं. आपलीच लस आणि आपलंच विद्यापीठ, तरी आडपडदा ठेवला नाही. मला या माणसाच्या साऱ्या कामात हे सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण त्यांनी हे अपयश दडपलं असतं किंवा नुसतं दुरुस्त करून पुढे गेले असते, तर पुढचा प्रश्न त्यांना पडलाच नसता. विषाणू बदलतो हे ठीक. पण माणसाचं रक्त त्याच्या बदलाला कसं सामोरं जातं?

यासाठी त्यांनी आणि डेव्हनपोर्ट, हेनेसी या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त जमवलं आणि जुने-नवे सगळे विषाणू त्यापुढे ठेवले. नळ्यांच्या रांगा, ठिपके, नोंदी. १९५३ साली जे छापून आलं ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. लहान मुलांच्या रक्तात फक्त अलीकडच्या विषाणूंची ओळख. तरुणांच्या रक्तात पीआर८च्या काळातल्या विषाणूंची ओळख सर्वांत घट्ट. आणि तिशीच्या पुढच्यांच्या रक्तात सर्वांत ठळक काय, तर डुकरांमध्ये टिकून राहिलेला, १९१८च्या विषाणूचा वारसदार. म्हणजे ज्यांनी पाळण्यात असताना किंवा रांगताना ती महासाथ पाहिली, त्यांच्या रक्तात ती तीस-पस्तीस वर्षांनीही जागी होती. मधल्या काळात आलेल्या कुठल्याच फ्लूला ती ओळख पुसता आली नव्हती. उलट नवा विषाणू आला की शरीर आधी जुनीच प्रतिपिंडं उगाळत होतं. पुढे त्यांनी मोठ्या माणसांच्या रक्तरसातून एकेका विषाणूला चिकटलेली प्रतिपिंडं काढून टाकून पाहिली. नव्या विषाणूने फक्त आपल्यापुरती काढली. बालपणीच्या विषाणूने काढली तेव्हा नव्यांना ओळखणारीही जवळजवळ सगळी निघून गेली. नंतरच्या साऱ्या ओळखी त्या पहिल्या ओळखीच्या आधाराने उभ्या होत्या.

माझ्या पणजीच्या हातावर गोंदण होतं, लहानपणी जत्रेत काढलेलं. कातडी सुरकुतली, हात बारीक झाला, पण त्या हिरव्या ठिपक्यांची जागा हलली नाही. पहिला फ्लू रक्तात तसा बसतो.

१९६० साली फ्रान्सिस यांनी या सगळ्याची मांडणी केली. बायबलमधल्या आदिम पापाचं, म्हणजे पहिल्या माणसाने केलेल्या आणि पुढे प्रत्येकाला जन्मतःच चिकटणाऱ्या पापाचं, नाव त्यांनी या सिद्धांताला दिलं. प्रवचनकाराच्या घरात वाढलेल्या माणसाला ते सुचणं साहजिक होतं. शरीर जुन्या चेहऱ्याला धरून बसतं, म्हणून नव्या लशीला पूर्ण दाद देत नाही, ही त्यातली अडचण. पण तीच जुनी ओळख कधी ढालही होते. १९५७ साली आशियातून नवाच फ्लू आला तेव्हा सत्तरीपुढच्या काही माणसांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून सापडली. ती माणसं १८८९-९०च्या साथीतली मुलं होती.

हे वाचलं तेव्हा मला २००९चं पुणं आठवलं. ऑगस्टचा पाऊस, बंद शाळा, बंद थिएटरं, तोंडाला रुमाल बांधून दुचाकीवरून जाणारं सगळं शहर, नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, आणि बसमध्ये शेजारच्या बाईच्या पोटलीतून येणारा कापूर-वेलचीचा वास. माझा भाचा तेव्हा कॉलेजात होता. त्याला जोराचा ताप आला, तपासणीत स्वाइन फ्लू निघाला. घरातल्या आम्ही तिघी-चौघी एकामागून एक पडलो. त्याच्या उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवणारी, त्याला पेज भरवणारी माझी आई मात्र टुणटुणीत. "मला काय धाड भरलीय," म्हणायची. त्या वर्षी जगभर हाच चमत्कार दिसत होता. तरुण आणि मधल्या वयाची माणसं अत्यवस्थ, आणि एरवी फ्लूत सर्वांत आधी जाणारे म्हातारे त्या मानाने बचावलेले. अमेरिकेत साठीपुढच्या लोकांचं जुनं साठवलेलं रक्त तपासलं तेव्हा जवळपास एक-तृतीयांश लोकांमध्ये या कोऱ्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं निघाली. १९१८च्या घराण्यातला तो विषाणू डुकरांतून फिरून परत आला होता, आणि लहानपणी त्याच घराण्याला भेटलेल्यांनी त्याला ओळखलं. आई १९४१ची. तिचा पहिला फ्लू त्याच वंशातला असणार. अर्थात एका घरावरून काही सिद्ध होत नाही, आणि फ्रान्सिस यांना तर असं बोलणं मुळीच खपलं नसतं. १९५४ साली साल्कच्या पोलिओ लशीची चाचणी त्यांच्याकडे आली तेव्हा, शिष्याची लस असूनही, त्यांनी अट घातली की तुलनेसाठी खोटी लस द्यायची आणि कुणाला काय दिलंय ते टोचणाऱ्यालाही कळता कामा नये. अठरा लाख मुलं त्या चाचणीत सामील झाली. १२ एप्रिल १९५५ला अ‍ॅन आर्बरमध्ये निकाल वाचून दाखवला तोही त्यांनीच.

तरी २०१६ साली झालेल्या एका अभ्यासाने माझं कुतूहल पुन्हा चाळवलं. पक्ष्यांकडून माणसात आलेल्या बर्ड फ्लूच्या रुग्णांची जन्मसालं मांडली तेव्हा एक रेघ स्पष्ट दिसली. १९६८च्या आधी जन्मलेल्यांना एच५एन१ या बर्ड फ्लूपासून बरंच संरक्षण, नंतर जन्मलेल्यांना एच७एन९ या दुसऱ्या बर्ड फ्लूपासून. १९६८ साली हाँगकाँग फ्लू आला आणि त्यानंतरच्या मुलांचा पहिला फ्लू एच७एन९च्या गटातला झाला, आधीच्यांचा एच५एन१च्या गटातला होता, म्हणून. मी १९७१ची आहे. म्हणजे आई आणि मी, एकाच घरात, एकाच ताटातलं जेवून, दोन वेगळ्या आजारांपुढे वेगवेगळ्या बळाने उभ्या आहोत, आणि ते ठरलं आम्हाला काहीच कळत नव्हतं त्या वयात, कुठल्याशा पावसाळी रात्री आलेल्या एका तापाने. मला हे विलक्षण वाटतं. थोडं अन्यायाचंही वाटतं. कुणाला कुठला ताप पहिला यावा हे कुणाच्या हातात असतं?

फ्रान्सिस यांनाही हेच टोचत असावं, कारण १९६०च्या त्या निबंधाच्या शेवटाकडे ते या पापावर उतारा सुचवतात. बालपणीच, पहिला फ्लू गाठण्याआधी, निरनिराळ्या घराण्यांच्या विषाणूंची मिळून केलेली लस द्यायची. म्हणजे आजारातून आलेल्या पहिल्या पापाच्या जागी लशीतून आलेलं पहिलं वरदान बसेल. १९६९ साली ते गेले. ती कल्पना अजून पुरी झालेली नाही, पण सोडूनही दिलेली नाही. विषाणूवरच्या प्रथिनाच्या सतत बदलणाऱ्या शेंड्याऐवजी फारशा न बदलणाऱ्या देठाकडे शरीराचं लक्ष वळवणाऱ्या लशींवर न्यूयॉर्कमध्ये पीटर पलीसी आणि फ्लोरियन क्रॅमर यांचं काम चालू आहे. जन्मल्यापासून बाळांच्या मागे राहून त्यांचा पहिला फ्लू आणि पहिली लस रक्तात काय ठेवून जाते ते पाहणारे अभ्यासही सुरू आहेत. मार्च २०२० नंतर बी विषाणूची यामागाता ही शाखा जगात कुठेच खात्रीने सापडलेली नाही, म्हणून तर आईच्या खोक्यावर चारऐवजी तीनच नावं होती. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात आजारातून ती ओळख बहुधा कधी उमटणारच नाही.

त्या भाच्याला आता मुलगी झाली आहे, सहा महिन्यांची. परवा त्याचा फोन आला, "मावशी, डॉक्टर फ्लूची लस घ्या म्हणतायत. पहिल्या वर्षी दोन डोस, महिन्याच्या अंतराने. एवढ्याशा पोरीला खरंच गरज आहे का गं?" मी त्याला जमेल तेवढं सगळं सांगितलं, पीआर८पासून. तो शांतपणे ऐकत होता, मागे बाळाचं हुंकारणं चालू होतं. मग म्हणाला, "म्हणजे पहिला ताप यायच्या आत?" मी म्हटलं, हो, पावसाळ्याच्या आत. त्याने मे महिन्यातली तारीख घेतली आहे.